पाठीची पट्टी

२४ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून परस्पर हिलटॉपच्या बाजारात गेले. नेस्टरला सांगितलं, भाजी आणायची आहे. भाजी आणली, पण ती नंतर.

उकायवाल्या बायांनी आज नवीन गाठोडी फोडली होती. कुठल्या कुठल्या देशांत लोकांनी अंगावरून उतरवलेले कपडे, त्यांचा कमरेएवढा ढीग, आणि भोवती आम्ही बायका उकरतोय. बॅगिओत जन्म काढलेल्या बाईच्या अंगावर नवीन असं फक्त आतलं असतं, बाकी सगळं ढिगातलं. दोन्ही हात कोपरापर्यंत खाली गेले आणि बोटांना ते कापड लागलं. ओढून काढायच्या आधीच मला रंग कळला होता. तपकिरी. जाड, खरखरीत लोकर, तीन बटणांचा कोट. नाकाला लावून पाहिला. डांबरगोळ्यांचा वास आला. बरंच झालं. धुराचा आला असता तर तिथेच रडत बसले असते.

"नवऱ्याला घेतेस?" मानांग पर्ला, म्हणजे ढिगाची मालकीण पर्लाताई, म्हणाली. गेली वीस वर्षं मी तिच्याच ढिगात उकरते. "यात तुझे दोन नवरे मावतील."

"वडिलांना घेतेय."

"मग तीन मावतील."

माझ्या मुलाचं, ब्रेंटचं लग्न अठरा जानेवारीला आहे, वर गावी, आमांच्या म्हणजे वडिलांच्या घरापुढे. गावच्या समारंभात म्हाताऱ्यांचा मानाचा पोशाख म्हणजे लाल लंगोट आणि वर कोट. ज्याच्याकडे कोट नाही तो पांघरूण गुंडाळून कडेला बसतो. पांघरुणात हात अडकलेले, मग गांसा, आमची काशाची थाळी, वाजवता येत नाही, नाचता येत नाही. माझे आमा गावातले सगळ्यात चांगले गांसा वाजवणारे होते. गेली छत्तीस वर्षं ते पांघरूण गुंडाळून कडेला बसतात.

कारण मी. पण ते आज लिहीत नाही.

२७ नोव्हेंबर

कोट धुतला, सावलीत वाळवला. नेस्टरला अंगात घालायला लावून आरशासमोर उभं केलं. खांदे दंडावर उतरले, बाह्यांतून बोटांची टोकंसुद्धा दिसेनात. नेस्टर दिवसभर प्रवाशांची जीपनी चालवतो, त्यामुळे संध्याकाळी त्याच्या जिभेला व्यायाम लागतो.

"कोट नाही हा, तंबू आहे. आमांना यात ठेव, वऱ्हाडालाही ठेव."

"मी बारीक करणार आहे."

"तू? तू माझ्या पँटला टीप मारलीस तेव्हा दोन्ही पाय एकमेकांना शिवले होतेस."

ते खरं आहे. पण ती पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आणि तेव्हा ब्रेंट पोटात होता. मला शाळेत शिकवलेले चार टाके येतात: कच्चा, उलटा, तुरपाई आणि काजाचा. मशीन आहे, पण पट्टा तुटल्यापासून त्यावर कुंड्या ठेवल्यात. शिंप्याकडे द्यायचा नाही, हे मी ढिगापाशीच ठरवलं होतं. हा कोट माझ्याच हातून व्हायला हवा. का, ते नेस्टरने विचारलं नाही. छत्तीस वर्षांत मी कुणालाच सांगितलेलं नाही, त्यालाही.

२९ नोव्हेंबर

आमांच्या मापासाठी डुलसिंगला फोन केला. चुलत बहीण, आमांच्या शेजारी राहते, त्यांचं दोन वेळचं तीच बघते. इना, माझी आई, गेल्यापासून तिच्यामुळेच मला बॅगिओत झोप लागते.

"मानांग, घेते की माप. कोट काढायला सांगू, का कोटावरूनच घेऊ?"

"कुठला कोट?"

फोनवर मागे कोंबडा आरवत होता तेवढाच.

"स्वेटर गं. स्वेटर म्हणायचं होतं मला."

डुलसिंगला अंगात घालायचं सगळं कोटच. मागे माझ्या रेनकोटालाही ती शाल म्हणाली होती.

"आणि मानांग, ते उभे राहायला कुरकुर करतात. बसल्या बसल्याच घेऊ का?"

"उभं कर त्यांना. ताठ. शिंपी काय बसवून माप घेतो?"

तिने दोरीने माप घेतलं, दोरीला गाठी मारल्या, आणि भाजीच्या ट्रकवाल्याबरोबर दोरी पाठवून दिली. छाती, पाठ, हात, खांदा, चार गाठी. एवढेसे झालेत माझे आमा.

१ डिसेंबर, रविवार

लिहून टाकते. या वहीला तोंड नाही.

आमा तरुणपणी खाणीत होते. तिथला अमेरिकन मुकादम देश सोडून जाताना आपला कोट त्यांना देऊन गेला. तपकिरी, जाड, तीन बटणांचा. गावात तेव्हा तसे चारच कोट होते. आमा तो घालून नाचायचे तेव्हा मी इनाच्या कडेवरून बघायचे आणि शेजारणीला सांगायचे, तो आमचा.

सोळाव्या वर्षी मी शिकायला बॅगिओला निघाले. माझ्याकडे गरम असं काही नव्हतं. बसच्या पायरीवर आमांनी अंगातला कोट काढून माझ्या अंगात घातला. म्हणाले, "बसमध्ये थंडी असते." आणि लंगोटावर उघड्या अंगाने, धुक्यात, बस वळेपर्यंत उभे राहिले.

वसतिगृहात आम्ही बारा मुली. कोटाला चुलीतल्या पाइनच्या धुराचा वास होता, तोही मी सोसला असता. पण त्याच्या पाठीत इनाने कधीतरी स्वतः विणलेल्या कापडाची पट्टी लावली होती, लाल-काळी-पांढरी, खांद्यांच्या मधून थेट खालपर्यंत. उभं राहिलं की दिसायची नाही. वर्गात बाकावर वाकून लिहायला लागले की ती उघडायची. मागच्या बाकावरच्या मुली म्हणायच्या, "रुफिनाची पाठ फाटली, आतून डोंगर दिसतोय." मी त्यांच्याबरोबर हसायचे. काखेत उसवला तेव्हा कुणाकडे तपकिरी दोरा नव्हता, तर लालने शिवला, आणि त्यालाही हसले.

ऑक्टोबरात मी तो कोट जुन्या कपड्यांच्या बाईला देऊन टाकला आणि बदल्यात लाल स्वेटर घेतला. नवाच वाटायचा. नाताळला घरी गेले आणि सांगितलं, कोट बसमध्ये चोरीला गेला. इनाने माझ्यासमोर भात वाढला. आमा म्हणाले, "तुला तर नाही ना काही झालं?"

त्या पूर्ण वर्षात आमा मला भेटायला एकदाही बॅगिओला आले नाहीत. बाकी मुलींचे वडील घेवडा आणि रताळी घेऊन यायचे, फाटकापाशी उभे राहायचे. मला तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा आहे, खरं सांगायचं तर. कोट घालवणारी मी, आणि रागही मलाच.

८ डिसेंबर

आठवडाभर कॉलेजच्या ग्रंथालयातलं काम संपवून आले की खिडकीपाशी बसते. ब्लेडने अस्तर सोडवलं. खांद्यातल्या गाद्या काढल्या. आत परक्या भाषेतली छापील चिंधी निघाली. कुणीतरी कुठेतरी हा कोट घालून ऑफिसला जात असेल, खुर्चीला अडकवत असेल. आता माझ्या मांडीवर आलाय आणि अजून एका माणसाच्या अंगावर जायचाय. साबणाच्या चिपाटीने खुणा केल्या. कच्चा टाका घातला, बघितला, उसवला, परत घातला.

बाह्या कापायचं धाडस झालं नाही, आत दुमडून तुरपल्या. पाठीची मधली शिवण मात्र दोरीच्या मापाने चांगली आत घेतली.

१५ डिसेंबर, रविवार

कापलं! पाठीतला आत राहिलेला जादा पदर कापून टाकला, नाहीतर फुगा येत होता. खालूनही चार बोटं कापला, म्हणजे छान कमरेला बसेल, मासिकातल्या माणसांसारखा. कात्री चालवताना श्वास धरून बसले होते. कापलेल्या लोकरीचं काय करायचं म्हणून तिचे तुकडे एकावर एक शिवून गरम पातेली उतरवायचे दोन धरणे केले. नेस्टर म्हणाला, हे मात्र खरंच छान जमलंय, यालाच लग्नात घेऊन जाऊ.

संध्याकाळी कोट इस्त्री करून दाराला अडकवला. मी किती वेळा उठून पाहिला ते सांगत नाही. माझ्या हातून एक गोष्ट तरी सरळ झाली.

२८ डिसेंबर

गावच्या चर्चचं नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं. मार्च महिन्यावर सणाचा फोटो आहे, म्हाताऱ्यांची गांसा घेऊन वाकलेली रांग, पाठीकडून घेतलेला. नेस्टरने चष्मा वर केला.

"हा तिसरा तुझा बाप आहे."

"वेडा आहेस. त्याच्या अंगात कोट आहे. आमांकडे कोट कुठला?"

"कान बघ ना."

कान आमांसारखे आहेत, हे मी मान्य केलं. पण आमच्या खोऱ्यात सगळ्यांचेच कान तसे. शिवाय फोटो धुरकट आहे. गेल्या छत्तीस वर्षांत मी गावी गेले आणि आमा पांघरुणाबाहेर दिसले असं एकदाही झालेलं नाही. नेस्टरला मी तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "तू गेलीस तेव्हाचं मी नाही म्हणत." मग जेवायला वाढ म्हणाला. हा माणूस कधी कधी अर्धवट बोलून सोडून देतो.

१३ जानेवारी

उद्या पहाटे नाही, उजाडल्यावर निघायचं. ब्रेंट आणि त्याची होणारी बायको जोवीलिन डुकरांच्या सौद्यासाठी आधीच वर गेलेत. कोट एका उशीच्या खोळीत घातलाय आणि बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसणार आहे. तो चोरीला जाणार नाही.

१४ जानेवारी

करायला गेले एक आणि झालं भलतंच.

दुपारी पोचलो. आमा चुलीपाशी उकिडवे, पांघरुणात, नेहमीसारखे. केस पार पांढरे झालेत. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, नेस्टरला म्हणाले, "जावई, पोट वाढलं की जीप लहान झाली?" मग मी खोळीतून कोट काढला. आमांनी तो बराच वेळ हातात धरला. कापड दोन बोटांत चोळलं. माझ्याकडे पाहिलं, परत कोटाकडे.

"तू शिवलास?"

"मी."

"हाताने?"

"सगळा हाताने."

त्यांनी पांघरूण टाकलं आणि कोट घातला. उभे राहिले, ताठ. काय सांगू! खांदे बरोबर, छाती बरोबर, कमरेला नेमका. डुलसिंग टाळ्या वाजवायला लागली. आमा म्हणाले, चला, पारावर दाखवून येऊ.

पारावर चार-पाच म्हातारे शेकोटीभोवती उकिडवे बसले होते. सरकून त्यांनी जागा केली. आमा बसायला खाली वाकले, गुडघे छातीशी आले, हात गुडघ्यांना वेढले, आणि टर्र.

पाठ मधोमध उसवली, खांद्यापासून खालपर्यंत. बाह्या कोपराकडे पळाल्या. कमरेखालची सगळी पाठ उघडी, थंड दगडावर.

लाकाय ओंबाय, आमांचा लहानपणापासूनचा दोस्त, बोळक्या तोंडाने हसायला लागला. "रुफिना, तू तुझ्या बापाचं माप घेतलंस की विजेच्या खांबाचं?"

"पँटवाला समजली त्यांना," दुसरा म्हणाला. "पँटवाले खुर्चीवर बसतात. खुर्ची आणलीस का बरोबर?"

सगळे हसले. आमाही हसले. मी पण हसले, जशी वसतिगृहात हसायचे तशी.

आमच्या माणसांचं आयुष्य उकिडवं जातं. बोलणं उकिडवं, जेवणं उकिडवं, आणि गांसा घेऊन नाचायचं तेही गुडघ्यांत वाकून, हात पुढे काढून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी या पारावर वाढले. पण बॅगिओत कोट म्हटलं की माणूस उभा असतो किंवा खुर्चीवर असतो, आणि मीही बॅगिओच्या डोळ्यांनीच माप घेतलं. डुलसिंगने विचारलंही होतं. उभं कर म्हणाले. ताठ म्हणाले. हात दाखवून अवलक्षण.

शिवण परत घालून उपयोग नाही, आतलं कापड मीच कापून टाकलंय. त्याचे पातेल्याचे धरणे झाले. चार दिवस राहिलेत आणि गावात लोकरीचं वीतभर कापड मिळायचं नाही.

"राहू दे गं," आमा घरी येताना म्हणाले. "पांघरूण आहे की."

१५ जानेवारी

सकाळी डुलसिंगकडे बायका भात निवडत होत्या. लाकाय ओंबाय दारात येऊन आमांना म्हणाला, "नातवाच्या लग्नात पहिला गांसा आजोबाचा. पांघरुणातून वाजवणार आहेस काय? का नाही घालत तुझा..." आणि माझ्यावर नजर गेल्यावर गप्पच झाला. खोकला, थुंकला, निघून गेला. डुलसिंग सूप घेऊन आत पळाली.

मला चमत्कारिक वाटलं. पण डोक्यात कोटच होता, मी फाटका कोट घेऊन उन्हात बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले.

दुपारी आमांनी डुलसिंगला आणि नेस्टरला लाकडं बघायला पाठवून दिलं. दोघांना, चार लाकडांसाठी. मग आत गेले. त्यांची पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हातात घडी घेऊन, आणि ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. भाजीची जुडी ठेवावी तशी.

"माप हवं तर यावरून घे."

धुराचा वास आधी आला.

तपकिरी. तीन बटणं, त्यांतलं एक वेगळं. कोपरं झिजून जाळी झालेली, बाह्यांच्या कडा गेलेल्या. मी डावी काख उलटी केली. लाल दोरा. वेडेवाकडे, मोठमोठे टाके, सोळा वर्षांच्या पोरीने घाईने घातलेले.

मी वर बघू शकले नाही. आमा शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी तो कोट माझ्या मांडीवर पालथा केला.

"हे बघ. तुझ्या आईलाही पहिल्यांदा असंच झालं होतं. मुकादमाचा कोट घालून मी पारावर बसलो आणि टर्र. ओंबाय तेव्हाही हसला होता. मग तिने पाठ मधून कापली, आपल्या मागावरची पट्टी घेतली आणि अशी आत घडी करून लावली. बसलं की उघडते, उठलं की मिटते." त्यांनी पट्टी बोटांनी ताणली, सोडली. "पट्टी म्हणजेच कोट. बाकी सगळं अमेरिकन."

ती पट्टी. जिला मी ठिगळ समजले होते. जिच्यामुळे मी...

आमा म्हणाले, "ब्लेड आहे ना? पट्टी काढ आणि तुझ्या कोटाला लाव. याच्या बाह्या गेल्यात आता. वय झालं त्याचं."

"हा कापू? नाही आमा, हा नको."

"मग लग्नाला पांघरूण."

मी ब्लेड घेतलं. इनाचे टाके इतके बारीक आणि घट्ट की एकेक काढायला जोर लावावा लागत होता. शंभर तरी असतील. प्रत्येक टाका निघताना मला वाटलं, हिला कळलं असतं मी काय केलं, तर? आणि मग वाटलं, कळलं होतंच की. हा कोट या घरात होता. तीही बघत होती. मी दर नाताळला येऊन चोराला शिव्या द्यायचे आणि ती मला भात वाढायची.

कधीपासून इथे आहे, कसा आला, मी विचारलं नाही.

१६ जानेवारी

या वेळी आमांना उकिडवं बसवून माप घेतलं. हात गुडघ्यांना वेढून, मग हात पुढे काढून. ते म्हणाले, "आता कशी शहाणी झालीस." पट्टी आधी कच्च्या टाक्याने लावली, त्यांना पाच वेळा बसवलं-उठवलं. सहाव्या वेळी म्हणाले, माझं लग्न आहे का? बाह्या सोडल्या. बरं झालं कापल्या नव्हत्या, घडीची रेघ राहिली तेवढीच. पट्टी आमांच्या नव्या कोटापेक्षा लांब पडली, खालचं टोक आत घेतलं, कापलं नाही. आता मी काहीही कापणार नाही.

जुन्या कोटाची पाठ उघडी पडली होती. दोन्ही कडा ओढून मी ती तशीच शिवून टाकली. घरात तपकिरी दोरा नव्हता. लाल होता.

१८ जानेवारी, शनिवार

लग्न झालं. दिवसभर धूर, भाताची दारू, हातावर पानात मांस, पोरींच्या हसण्याला सुमार नाही. जोवीलिन गोड दिसत होती.

मला एवढंच लिहायचंय. लाल लंगोट, तपकिरी कोट, आमा रांगेच्या पुढे. गांसा उचलला, गुडघ्यांत वाकले, आणि पाठीतली पट्टी उघडली. लाल, काळी, पांढरी. उठले की मिटायची, वाकले की उघडायची. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, घामाने चिंब, मागे वीस जण. मी इनाच्या कडेवर असते तर ओरडले असते, तो आमचा.

नेस्टर शेजारी उभा होता. म्हणाला, "कान बघ." या वेळी मी कान बघितले. मग त्याला सगळं सांगून टाकलं, गांसांच्या आवाजात, कानाशी ओरडून. त्याने माझा हात धरला. म्हणाला, "तुमच्या घरात सगळे टाके आतल्या बाजूने घालतात."

१९ जानेवारी, रविवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

बस नऊला होती. आमा फाट्यापर्यंत चालत आले, नवा कोट घालून, काखेत पांघरुणाची गुंडाळी. नेस्टर पिशव्या वर चढवत होता. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"आमा, कोट चोरीला नव्हता गेला."

"हं."

"मी दिला होता. स्वेटरसाठी."

"ठाऊक आहे की." ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, मीही बसले. "मी आलो होतो त्या वर्षी. घेवडा आणि रताळी घेऊन, पाठीवर टोपली. बाजारातून तुझ्या शाळेकडे निघालो तर धुराचा वास आला. म्हटलं, बॅगिओत आपल्या चुलीचा वास कुठून? बघतो तर माझा कोट टांगलेला. त्या बाईला टोपलीतलं सगळं दिलं, कोट घेतला."

"मग मला भेटला का नाहीत? मी वर्षभर वाट बघत होते. सगळ्यांचे वडील यायचे."

"आलो होतो फाटकापर्यंत. हातात तो कोट आणि टोपली रिकामी. तू मैत्रिणींबरोबर पायरीवर बसली होतीस. हसत होतीस." त्यांनी काखेतली गुंडाळी नीट सरकवली. "लाल स्वेटर तुला छान दिसत होता गं. म्हणून नाही हाक मारली."

मला रडू आवरेना. बसवाल्याने भोंगा वाजवला.

"पण घालायचा ना! माझ्यासमोर घालायचा होता. इतकी वर्षं कडेला बसलात."

"तू वर्षातून दोन दिवस येणार. पोरीने घरी यावं ते खाली मान घालून? दोन दिवस पांघरूण घेतलं तर काय बिघडतं? बाकीचे दिवस नाचतच होतो की."

भोंगा परत वाजला. मी पायरीवर चढले. आमांनी काखेतली गुंडाळी सोडवली. पांघरुणात जुना कोट होता. त्यांनी तो माझ्या अंगात घातला, एकेक बाही ओढून, जशी लहान मुलांची ओढतात.

"बसमध्ये थंडी असते," म्हणाले.

पाठीत पट्टी नाही, त्यामुळे सीटवर नीट टेकताही येत नाही, काखेत काचतं. कोपरांतून वारा येतो. पलीकडच्या सीटवर कॉलेजच्या दोन मुली आहेत, मघापासून एकमेकींना कोपर मारून बघतायत. धुराचा वास त्यांच्यापर्यंत गेला असणार. नेस्टर म्हणतो, हीटर चालू आहे, काढ की आता.

बॅगिओला उतरेपर्यंत काढणार नाही. उतरल्यावर आधी बाजारातून, मग शाळेच्या फाटकासमोरून घरी जायचंय.